गुडघ्यातले मुद्दल

आठवड्यातून दोन-तीन सकाळी, ऊन अंगणात पुरते उतरण्यापूर्वी, माकुणसारच्या आमच्या आळीत डोक्यावर मासळीची पाटी घेऊन एक बाई येते. आणि ज्या दिवशी तिच्या पाटीत मुशी असते त्या दिवशी मी चहाचा पेला घेऊन मुद्दाम ओसरीच्या पायरीवर येऊन उभा राहतो, कारण मुशी कापली जाताना पाहणे हा शरीरशास्त्राचा एक विनामूल्य पाठ आहे. पापलेट किंवा रावस कापताना पात्याखाली काटा मोडल्याचा जो आवाज येतो तो मुशीच्या बाबतीत येत नाही. पाते तिच्या पाठकण्यातून कोवळ्या दुधीतून जावे तसे आरपार निघून जाते. मुशी, कानमुशी, पाखट या साऱ्या जातींच्या सांगाड्यात खरे हाड असे नसतेच. जे असते ते कूर्चेचे, फार तर जागोजाग चुन्याने टणक झालेल्या कूर्चेचे. आमच्याकडचा बोंबील एवढा लिबलिबीत, पण तोही शास्त्राच्या दफ्तरी अस्थिमत्स्य म्हणून दाखल आहे. आणि पाण्यात ज्याची दहशत तो मोठा मासा मात्र जन्मभर हाडावाचून पोहत राहतो.

हा पाठ संपला की दुसरा सुरू होतो, आणि तो पाहणे इतके सुखाचे नसते. उकिडवे बसून पाऊण तास मासळी कापल्यावर ती बाई उठू लागते, तेव्हा तिचा एक हात जमिनीवर असतो, दुसरा गुडघ्यावर असतो, आणि मधल्या क्षणी ती एक श्वास असा काही रोखून धरते की पाहणाऱ्याने नजर वळवावी. विचारले तर म्हणते, "गुडघ्यातलं वंगण संपलं, दादा. वयच झालं आता." वय तिचे पन्नाशीच्या आतबाहेर. एकाच पात्याच्या अलीकडे जिची सारी काया कूर्चेवर उभी आहे ती मुशी, आणि पलीकडे जिच्या गुडघ्यातली चार मिलिमीटरही नसलेली कूर्चा झिजून गेली ती बाई, असे हे चित्र वर्षानुवर्षे पाहिल्यावर माझे जे मत बनले ते आरंभीच सांगून टाकतो: गुडघ्याची ही झीज आपण वयाच्या नावे खर्ची टाकतो, परंतु तिचा मोठा भाग कामाच्या रीतीच्या नावे पडावयास हवा, आणि ज्या रीती बदलता येतात त्या न बदलणे हा देहाचा दोष नव्हे, समाजाचा कसूर आहे.

हे मत पटावयाचे तर कूर्चा म्हणजे काय हे थोडे सावकाशीने पाहिले पाहिजे. या पदार्थाला आपल्या भाषेत नावांचा तुटवडा नाही: शालेय पुस्तके त्याला कास्थी म्हणतात, वैद्यकावरील ग्रंथ उपास्थी किंवा कूर्चा म्हणतात, आणि मटणाच्या दुकानात ते नुसते कुरकुरीत हाड असते. सुश्रुताने अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार केले, आणि नाक, कान, मान व नेत्रकोश येथील अस्थींना त्याने 'तरुण' म्हटले. चरकाची अस्थिगणना ३६०, सुश्रुताची ३००, आणि आजच्या प्रौढ सांगाड्याची २०६. ही तफावत पाहून प्राचीनांना हसण्याची घाई करू नये, कारण त्यांच्या गणतीत दात आणि कूर्चेचे अवयवही धरलेले होते. १९०७ साली रूडॉल्फ हॉर्नले या पंडिताने प्राचीन भारतीय अस्थिविद्येवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहून या हिशेबाची फोड केली. मला त्या 'तरुण' शब्दाचे मोल अधिक वाटते; कारण कवटीची काही हाडे आणि गळ्याजवळची हासळी वगळली, तर गर्भातील बहुतेक हाडे प्रथम कूर्चेचीच असतात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास त्यांत अस्थी बनू लागते. जन्मानंतरही लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ पट्टी शिल्लक राहते. मूल उंच होते ते तिच्या बळावर, आणि पौगंडाच्या अखेरीस ती पट्टी हाडात विरून गेली की उंचीचा फेरफार कायमचा बंद होतो. वयाचा दाखला नसलेल्या मुलाचे वय ठरवण्यासाठी न्यायालये जी हाडांची तपासणी मागवतात, ती मुख्यत्वे या पट्ट्या मिटल्या की नाहीत याचीच तपासणी असते.

रचनेकडे वळावे तर कूर्चेइतके काटकसरीचे ऊतक देहात दुसरे सापडणे कठीण. सांध्यातील कूर्चेत सजीव पेशींचा वाटा शंभरात पाचांच्याही आत. त्या पेशी आपापल्या लहानशा कोनाड्यांत एकेकट्या किंवा दोघी-चौघी बसलेल्या असतात, आणि त्यांच्याभोवतीचे सारे विस्तीर्ण आधारद्रव्य त्यांनीच स्रवलेले असते. त्यात ६५ ते ८० टक्के पाणी. उरलेल्यात कोलाजेन नामक प्रथिनाच्या तंतूंचे जाळे, आणि त्या जाळ्यात अडकलेली, पाण्याला अनावर ओढ लावणारी प्रथिने व शर्करा यांची प्रचंड संयुगे. खाजण जमिनीत वावरलेल्या माणसाला याची उपमा दूर शोधावी लागत नाही: आतली माती पाणी पिऊन फुगू पाहते आणि बाहेरचा बांध तिला फुगू देत नाही, या दोहोंच्या ताणातून जो घट्टपणा येतो तोच कूर्चेचा घट्टपणा. बांधाला भगदाड पडले म्हणजे खाजणात पाणी बेबंद शिरते. कूर्चेचे तंतू तुटू लागले म्हणजे झिजेच्या आरंभी तिच्यातही पाण्याचा अंश वाढतो, ती फुगते आणि नरम पडते, आणि मग पुढची पडझड वेगाने होते.

या एका पदार्थाची शरीराने तीन रूपे केली. पहिली काचाभ कूर्चा, निळसर पांढरी आणि काचेसारखी तुळतुळीत: नाकाचा शेंडा, श्वासनलिकेची मागच्या बाजूने उघडी असलेली सोळा ते वीस कडी, गळ्यावर दिसणारा कंठमणी, बरगड्यांना उरोस्थीशी जोडणारे दुवे आणि सांध्यातील हाडांच्या टोकांवरचे अस्तर हे सारे तिचे. श्वासनलिकेची ती कडी मागे उघडी का, तर तिच्या पाठीशी अन्ननलिका आहे. घास उतरताना तिला फुगण्यास जागा हवी, आणि त्याच वेळी श्वासाची वाट मिटताही कामा नये. दुसरी लवचीक कूर्चा, जी वाकवली असता पूर्ववत होते: कानाची पाळ वगळता उरलेला बाह्यकर्ण आणि घास गिळताना श्वासमार्गावर पडणारे झाकण ही तिची स्थाने. तिसरी तंतुमय कूर्चा, चिवट आणि ओझ्याची: मणक्यांमधल्या २३ चकत्या, ज्यांना आपण लोकभाषेत गादी म्हणतो, आणि गुडघ्यातील दोन चंद्रकोरी या तिच्या. या गाद्यांतील पाणी दिवसभराच्या भाराने थोडे पिळून निघते आणि रात्रीच्या निजेत परत भरते. म्हणून माणूस सकाळी जितका उंच असतो तितका रात्री नसतो, आणि हा फरक कधी कधी दीड-दोन सेंटीमीटरांपर्यंत जातो.

या शास्त्राची जाण आपल्या जुन्या अलंकारांना आणि चालीरीतींनाही आपापल्या परीने होती असे मला वाटते. तान्ह्या बाळाचे कान सोनार टोचतो ते पाळीत. तेथे कूर्चा नाही, रक्तपुरवठा भरपूर आहे, आणि जखम लवकर भरते. बुगडी आणि भिकबाळी मात्र कानाच्या वरच्या भागात, कूर्चेतून आरपार जातात, आणि आज हौसेने तेथे छिद्र पाडून घेणाऱ्या तरुण-तरुणींना डॉक्टर जो सावधगिरीचा इशारा देतात त्याचे कारण हेच की कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तेथे पू झाला तर औषधही उशिरा पोहोचते, आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

नाकाची कथा तर अब्रूचीच कथा आहे, आणि तिचा एक ऐतिहासिक दाखला पुण्याच्या परिसरात घडला. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कसबी माणसाने त्याला नवे नाक बसवले: मेणाचा साचा करून तो कपाळावर ठेवला, त्या आकाराची कातडी भुवयांमधला दुवा न तोडता खाली वळवली, आणि वर काताचा लेप लावला. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये तिची हकिकत छापून आली. आणि ती वाचून जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली लंडनमध्ये तीच क्रिया केली. त्या नव्या नाकाला कातडी मिळाली, पण आतला कूर्चेचा सांगाडा मिळाला नव्हता. आज शल्यविशारद तो बरगडीच्या किंवा कानाच्या कूर्चेतून घडवतात. त्या वीटकाम करणाऱ्याचे नाव कोणत्याही दफ्तरात राहिले नाही, आणि त्याच्याच धंद्यातली माणसे आज आमच्या पालघर-वसईच्या वीटभट्ट्यांवर उकिडवी बसून विटा पाडीत आहेत, हे मनात आल्यावाचून राहत नाही. समाजाने चेहऱ्यावरच्या कूर्चेची अब्रू अशी जपली, तिच्यावर म्हणी केल्या, तिच्यासाठी अलंकार घडवले. परंतु गुडघ्यातली कूर्चा झाकलेली असते, तिच्यावर नथ घालता येत नाही, आणि ती गेली तर कोणाची बेअब्रू होत नाही.

आता त्या झाकलेल्या कूर्चेकडे वळू. सांध्यातील अस्तराची जाडी बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर. फक्त गुडघ्याच्या वाटीमागे ती याहून बरीच अधिक. एवढ्याशा थरावर, संधिद्रवाच्या साहाय्याने, दोन हाडे अशी घसरतात की बर्फावर बर्फ घसरतानाचे घर्षणही त्यापुढे अधिक ठरावे. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिना उतरताना त्याहून अधिक. आणि अंगावर एक किलो वजन वाढले तर पावलागणिक गुडघ्यावर सुमारे चार किलोंचा बोजा वाढतो. हा सारा कारभार रक्तावाचून चालतो. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिनी नाही. तिला अन्न मिळते ते संधिद्रवातून, तेही हालचालीच्या मार्गाने: दाब पडला की पाणी बाहेर, दाब सुटला की पोषण घेऊन आत. म्हणूनच पूर्ण विश्रांतीही तिला मानवत नाही, आणि प्लॅस्टरमध्ये अनेक आठवडे पडून राहिलेल्या पायाची कूर्चा पातळ होते.

तिला मज्जातंतूही नाहीत, आणि सारा अनर्थ येथेच आहे. हात भाजला तर तो क्षणात फिर्याद करतो; कूर्चेपाशी फिर्याद करण्याची सोयच नाही. ती मुकाट्याने झिजत राहते, आणि दुखू लागते ते खालचे हाड आणि सांध्याचे सुजलेले आवरण. म्हणजे रोग्याच्या तोंडून पहिली तक्रार निघते तोवर मुद्दलाचा मोठा हिस्सा खर्ची पडून गेलेला असतो. 'वंगण संपले' हा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे तो यासाठी; वंगण म्हटले की तेलाची बुधली आणून पुन्हा भरता येईल अशी आशा वाटते, आणि प्रत्यक्षात गेलेले असते ते अस्तर.

हे मुद्दल परत येत नाही ही गोष्ट नवी नव्हे. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सांध्यांच्या कूर्चेवर निबंध वाचला, आणि नाश पावलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही हे मत प्राचीन काळापासून सर्वमान्य असल्याचे त्यात नमूद केले. त्याचा अगदी अनपेक्षित पुरावा अणुयुगाने दिला. १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत महासत्तांनी वातावरणात जे अणुस्फोट केले त्यांनी हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण जवळजवळ दुप्पट केले, आणि पुढे ते ओसरत गेले. त्यामुळे त्या काळात देहात बनलेल्या प्रत्येक रेणूवर त्याच्या सालाचा शिक्का उमटला. डेन्मार्कच्या संशोधकांनी गुडघ्यातील कूर्चेच्या कोलाजेनवरचा हा शिक्का वाचला आणि २०१६ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला: हे तंतू बालपणी व पौगंडावस्थेत विणले जातात, आणि त्यानंतर जवळजवळ नव्याने विणले जातच नाहीत. पाणी धरणारी संयुगे थोडीफार बदलत राहतात. बांध मात्र जन्मात एकदाच घातला जातो. साठीतला माणूस ज्या कूर्चेवर चालतो ती त्याच्या शाळकरी वयाची मिरास असते. मुलीला शाळकरी वयात पोटभर सकस अन्न आणि मोकळे खेळणे मिळते की नाही, हा प्रश्न तिच्या म्हातारपणाच्या गुडघ्याशी असा थेट बांधलेला आहे.

ही झीज किती सर्वत्र आहे ते पाहावयाचे तर परदेशी जाण्याची गरज नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण गावी डॉ. अरविंद चोप्रा यांच्या मार्गदर्शनाखाली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने घरोघर पाहणी झाली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरांत अठरांना, सांधे-स्नायूंची दुखणी निघाली, आणि त्यांत स्त्रियांचा भरणा अधिक होता. जगाचा हिशेब मांडताना त्याच संघटनेने २०१९ साली अस्थिसंधिवाताचे ५२ कोटी ८० लाख रोगी गणले, त्यांत एकट्या गुडघ्याचे ३६ कोटी ५० लाख. आणि शंभर रोग्यांत साठ स्त्रिया.

येथे एक सुज्ञ वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, आमचे आजोबा जन्मभर उकिडवे बसले, मांडी घालून पाटावर जेवले, आणि नव्वदीत काठीवाचून चालले. उकिडवे बसण्याला तुम्ही दोष कसा देता? या आक्षेपात तथ्य आहे. खुब्याच्या सांध्याची झीज भारत-चीनसारख्या देशांत पाश्चात्त्यांहून पुष्कळ कमी आढळते. आणि दिवसातून चार वेळा पूर्ण बसून उठणारा गुडघा आरामखुर्चीत गंजलेल्या गुडघ्याहून खचित सुखी असतो. परंतु प्रश्न बसण्याचा नाही, तासांचा आहे. बीजिंगमधील वृद्धांच्या गुडघ्यांची पाहणी करणाऱ्या संशोधकांनी, तरुणपणी तुम्ही रोज किती वेळ उकिडवे बसत असा, असे विचारले. आणि ज्यांचा तो वेळ दीर्घ होता त्यांच्यात गुडघ्याचा अस्थिसंधिवात अधिक आढळला. त्याच शहरातील वृद्ध स्त्रियांत अमेरिकेतील गोऱ्या स्त्रियांपेक्षाही तो अधिक निघाला. पाटावर अर्धा तास जेवणारे आजोबा आणि पाटीपुढे चार तास बसणारी त्यांची शेजारीण यांना एकाच दाखल्यात बसवणे हा न्याय नव्हे.

हे तास मोजण्याचे काम एका राज्याने केले आहे. जर्मनीने २००९ साली गुडघ्याचा अस्थिसंधिवात आपल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत दाखल केला, आणि त्याची अट अशी ठेवली की कामगाराने गुडघे टेकून, किंवा उकिडवे बसण्यासारख्या तशाच ताणाच्या स्थितीत, आयुष्यात एकूण किमान १३,००० तास आणि प्रत्येक पाळीत किमान एक तास काम केलेले असावे. फरशी बसवणारा, छपरे शाकारणारा मनुष्य तेथे आपल्या गुडघ्याचा हिशेब घेऊन सरकारच्या दारी जाऊ शकतो. आता तोच गज आमच्या मासळीवालीला लावू. रोजचे चार तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर वर्षाला १,२०० तास भरतात. म्हणजे तेरा हजारांची हद्द ती अकराव्या वर्षातच ओलांडते. विसाव्या वर्षी तिने पाटी उचलली असेल तर तिशी ओलांडता-ओलांडता ती जर्मन कायद्याच्या मोजमापास उतरते. आणि त्यानंतरची वीस वर्षे ती ज्या गुडघ्यावर बसते, त्याबद्दल आपल्याकडे कोणतेही खाते नाही. १९२३ च्या आपल्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने व्यावसायिक रोगांची जी यादी केली तीत शिसे, पारा, फॉस्फरस, सिलिका यांनी होणाऱ्या विकारांना जागा मिळाली. गुडघ्याला मिळाली नाही. शिवाय त्या कायद्याच्या दृष्टीने मासळीवाली कामगारच नव्हती, कारण तिला मालक नाही.

कायद्याची वाट बंद असली म्हणजे माणूस बाजाराची वाट धरतो, आणि या बाजारात फसवणुकीचा माल उदंड आहे. १९९२ साली अमेरिकेत एक पुस्तक निघाले; त्यात मुशीला कर्करोग होत नाही असा दावा होता, आणि त्या लाटेवर मुशीच्या कूर्चेची पूड कर्करोगावर आणि सांधेदुखीवर बाटल्या भरभरून विकली गेली. वास्तविक मुशीलाही कर्करोग होतो, आणि रोग्यांवरील चाचण्यांत त्या पुडीने कर्करोगाला काही केले नाही. सातपाटीच्या धक्क्यावर पिढ्यान्‌पिढ्या मुशी उतरवणाऱ्या आणि तिचे कालवण खाणाऱ्या घरांतही गुडघे दुखतातच, एवढे एक निरीक्षण ती पूड सांधेदुखीवर विकणाऱ्यांना भ्रमातून सोडवावयास पुरेसे होते. ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन या गोळ्यांची २००६ साली अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तीतही एकंदर रोग्यांना निर्जीव गोळीहून विशेष लाभ दिसला नाही. खाल्लेली कूर्चा पोटात पचते. ती गुडघ्यात जाऊन बसत नाही.

शेवटची वाट शस्त्रक्रियेची. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हापासून ही क्रिया घरोघर परिचित झाली. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि सर्वसाधारण प्रकारचा सांधा दीड लाखाच्या पुढून ५४,७२० रुपयांवर आणला. हे उत्तम काम झाले, आणि ते मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु धातूचा गुडघा घेतलेल्या रोग्याला उकिडवे बसू नका असे बहुधा बजावले जाते. म्हणजे आमच्या मासळीवालीने उद्या ऋण काढून गुडघा बदलला, तरी ज्या बैठकीवर तिचे पोट आहे तीच बैठक तिला वर्ज्य होईल. रोग हटवून रोजगार हिरावणारा उपाय हा अखेरचा उपाय असावा, पहिला असू नये.

पहिला उपाय साधा आहे आणि कमरेएवढ्या उंचीचा आहे. मासळी, भाजी, मोगऱ्याच्या कळ्या, विटा, वाटण, धुणे, जे जे काम आपण जमिनीवर करतो ते ते शक्य तेथे उंचावर आणणे, आणि जेथे आणता येत नाही तेथे वीतभर उंचीचा चौरंग तरी बुडाखाली देणे, यासाठी कोणत्याही संशोधनाची वाट पाहावयास नको. ग्रामपंचायती मासळी बाजार बांधतात तेव्हा छप्पर आणि नळ यांचा बंदोबस्त होतो, पण विक्रेतीसाठी ओटा येतो तो बसण्याचा. तोच उभ्याने कापण्याजोगा केला आणि मागे टेकण्यास उंच बैठक ठेवली तर खर्चात फारसा फरक पडत नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आठ-आठ तास एकाच जागी उभे राहणाऱ्यांची गोष्ट याच्या उलट. त्यांना उंच बैठक आणि तासागणिक चार पावले हवीत. रेल्वेच्या पुलांवर सरकते जिने किंवा उद्वाहक ही चैन नव्हे. पाटी डोक्यावर घेऊन जिना उतरणाऱ्या बाईच्या गुडघ्यावर काय भार येतो त्याचा हिशेब वर दिलाच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वेदनाशामक गोळ्यांच्या जोडीला मांडीचे स्नायू बळकट करण्याचे चार व्यायाम शिकवणारा माणूस आठवड्यातून एक दिवस बसला, तर पुष्कळांची गुडघ्याची शस्त्रक्रिया लांबणीवर पडेल. आणि व्यावसायिक रोगांच्या यादीत गुडघ्याला, तसेच कायद्याच्या व्याख्येत मालकावाचून राबणाऱ्या बाईला, जागा मिळेल असा आग्रह आमच्या लोकप्रतिनिधींनी धरावा. पालघर जिल्हा होऊन आता दशकाहून अधिक काळ लोटला आहे, आणि मत मागण्यासाठी दारी येणाऱ्यांना हा प्रश्न विचारण्यास हरकत नसावी.

वाचकहो, राज्याच्या दरबारी हा अर्ज मंजूर होण्यास वेळ लागेल. तोवर आपल्या अंगणाची सत्ता आपल्याकडे आहे. गेल्या दिवाळीनंतर मी फाटकाशी कडप्प्याचा एक ओटा बांधून घेतला, मासळीवालीच्या कमरेचे माप घेऊन. पहिले दोन दिवस ती संकोचली. तिसऱ्या दिवशी तिने पाटी आपणहून वर ठेवली. मुशी उभ्यानेही तितकीच स्वच्छ कापली जाते.